क्रीम सफारीवरचा गुलाब

धम्मरत्नच्या लग्नाची दुसरी कॅसेट सापडली, ही बातमी हिवाळ्यांच्या घराण्यात इतक्या वेगानं पसरली, की किसनराव गुरुजींच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला ज्यांना बस मिळाली नव्हती, ते सगळे रविवारी अकराच्या आत धाड गावी गुरुजींच्या घरी हजर झाले. बस तीच होती आणि रस्ताही तोच. फरक एवढाच, की कॅसेट आता पिक्चरमध्ये जाणार होती आणि कॅसेटमध्ये सगळे होते.

हा उद्योग मनालीचा. गुरुजींचा मुलगा धम्मरत्न आणि सून संजीवनी यांची ही थोरली लेक पुण्यात सिनेमा शिकली होती आणि आता स्वतःचा पहिला सिनेमा करत होती. एका घराण्याची तीस वर्षांची गोष्ट. त्यातले जुने दिवस दाखवायला तिला नटनट्या नको होत्या, लोकांच्या घरात पडलेल्या लग्नाच्या खऱ्या कॅसेटी हव्या होत्या. "जुन्या कॅसेटमध्ये माणसं कॅमेऱ्याला घाबरतात, आजोबा. ते घाबरणं नटांना जमत नाही," असं तिनं गुरुजींना समजावलं होतं. गुरुजींना नवल वाटलं. बत्तीस वर्षं शाळेत पोरं त्यांना घाबरत आली, पण त्या घाबरण्याचं कोणी कधी कौतुक केलं नव्हतं.

कॅसेटमध्ये जो जो दिसतो त्याची संमतीपत्रावर सही लागणार होती. नाव, नातं, सही, आणि एक रकाना: 'दृश्यात कसे ओळखू येता?' आल्या आल्या बहुतेकांनी तो रकाना भरून टाकला होता. कोणी लिहिलं होतं 'हिरवी पैठणी, पहिली रांग', कोणी 'नवरदेवाच्या उजवीकडे, देखणा'.

कलाबाईनं अजून काही लिहिलं नव्हतं. ती खामगावहून लेकाबरोबर आली होती आणि भिंतीशी चटईवर बसली होती. गुरुजींच्या धाकट्या भावाची, सुखदेवची, ती बायको. सुखदेवला जाऊन चोवीस वर्षं झाली होती; लेक प्रसेनजित तेव्हा रांगत होता. बसमध्ये प्रसेनजितनं तिला दोनदा विचारलं होतं, "आई, काऊन चाललो आपण? ते फूल पाहाले?"

"फूल तोंडावर हाय," ती म्हणाली होती. "पायावर तं नाई ना. त्यायचं चालणं दिसंल. हात दिसतीन."

हे फूल म्हणजे काय, ते हिवाळ्यांच्या घरात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. सत्याण्णव सालच्या मे महिन्यात धम्मरत्नचं लग्न झालं, तेव्हा दोघा भावांनी एकाच ताग्यातून क्रीम रंगाचे सफारी शिवले होते. गुरुजी बारा वर्षांनी मोठे. सुखदेवला त्यांनीच खांद्यावर खेळवला, शाळेत घातला, त्याचं लग्न लावलं. मग लग्नानंतर सतराव्या दिवशी विहाराच्या कमिटीची बैठक झाली. अध्यक्षपदासाठी गुरुजींच्या विरोधात जे हात वर झाले, त्यांत एक सुखदेवचा होता. गुरुजी एका मतानं पडले. सुखदेवचं म्हणणं साधं होतं, की दादाच्या हातात शाळा आहे, विहार दुसऱ्या कोणाला पाहू द्या. पण गुरुजींना तो हात तेवढा दिसला. पुढं दोघा भावांचं बोलणं बंद झालं, आणि चार वर्षांनी सुखदेव छातीत कळ येऊन गेला तेव्हा बंदच होतं.

कॅसेटी तेव्हा मिक्सिंगला जायच्या होत्या. मिक्सिंग म्हणजे नवरानवरीच्या भोवती बदामाचा आकार, आकाशातून पडणारी फुलं, मधूनच ताजमहाल. गुरुजींनी उकंडराव शूटिंगवाल्याला बोलावून घेतलं आणि हुकूम दिला, की सुखदेव जिथं जिथं दिसेल तिथं त्याच्या तोंडावर गुलाब टाकायचा. सरळ कापून टाकता येत नव्हतं, कारण तो प्रत्येक ठिकाणी गुरुजींच्या खांद्याला खांदा लावून उभा होता. त्याला कापलं असतं तर गुरुजीही कापले गेले असते.

तेव्हापासून त्या कॅसेटमध्ये धम्मरत्नचा सख्खा चुलता म्हणजे क्रीम सफारी आणि मानेवर एक लालभडक गुलाब. घरातली पोरं त्याला 'फूलवाले आजोबा' म्हणत मोठी झाली. कलाबाईनं पहिली कॅसेट एकदाच पाहिली होती, याच घरात, भाड्यानं आणलेल्या व्हीसीआरवर. चहा न घेता ती उठून गेली होती. तिच्याजवळ नवऱ्याचा एकच फोटो होता, कसल्याशा कार्डासाठी काढलेला आणि नंतर मोठा करून घेतलेला. त्यात तो तोंड मिटून बसला आहे. सुखदेव जन्मात कधी तोंड मिटून बसला नव्हता. त्याच्या हसण्याचा आवाज तिला अजून आठवायचा, पण हसतानाचा चेहरा हळूहळू आठवेनासा झाला होता, आणि हे तिनं कोणालाच सांगितलं नव्हतं.

दुसरी कॅसेट मात्र कोणीच पाहिली नव्हती. पहिली संपली आणि लाइट गेली, आणि लाइट आली तेव्हा व्हीसीआरवाला मशीन परत न्यायला दारात उभा होता. दुसरीत नुसती जेवणावळ आहे असं उकंडराव म्हणाला. जेवताना आपण कसे दिसतो हे पाहायची हौस कोणालाच नव्हती. ती संजीवनीच्या ट्रंकेत शालूखाली डांबराच्या गोळ्यांच्या संगतीनं पडून राहिली. मनालीनं ती पुण्याला नेली, बुरशी साफ करून घेतली, आणि कलाबाईला फोन केला. "आजी, तुम्ही याच," एवढंच म्हणाली. पोरगी पुण्याला जाऊन कमी बोलायला शिकली, असं कलाबाईला वाटलं.

पडदे ओढले, मोठ्या टीव्हीवर आधी पहिली कॅसेट लागली, आणि घराण्याची ओढ एकदम उफाळून आली. पाच मिनिटं सगळे गहिवरले. गेलेली माणसं दिसली, पाडलेली घरं दिसली, "पाहा बाई, काय दिवस व्हते," झालं. सहाव्या मिनिटाला प्रत्येकजण स्वतःला दिसला आणि गहिवर संपला.

"हे कापजो, मने," धम्मरत्न म्हणाला. पडद्यावर तो वरातीत दातात रुमाल धरून जमिनीवर लोळत होता. "मी आता व्यसनमुक्तीवर भाषणं देतो. लोकं काय समजतीन?"

"बघते, बाबा," मनालीनं वहीत लिहिलं.

संजीवनीला पाठवणीतलं नाक पुसणं नको होतं. रडणं राहू दे, पण नाक नको. मग जनकाबाईची, म्हणजे गुरुजींच्या बहिणीची, पाळी आली. पडद्यावर तिच्या गळ्यात चार पदरी सोन्याची पोत झळकली. ती पोत तिनं लग्नापुरती कलाबाईकडून मागून नेली होती आणि पुढं गावभर आपलीच म्हणून सांगितली होती.

"मले गळ्यापासून काप," जनकाबाई म्हणाली.

"आत्याआजी, गळा कापला तर डोकं कुठं ठेवू?"

"त्ये तुय्या शिक्षणाचं काम हाय. मले काय विचारतं?"

 कलाबाईची नजर गुलाबाखालच्या पायांवर होती. पण पहिल्या कॅसेटमध्ये सुखदेव नुसता उभा होता, विधीत, हारात, फोटोत. कुठं चालतच नव्हता. गुरुजी खुर्चीत ताठ बसून स्वतःकडे समाधानानं पाहत होते आणि गुलाब आला की पंख्याकडे पाहत होते. एवढ्या माणसांत त्यांचीच काही अट नव्हती. ते पडद्यावर चांगले दिसत होते.

"आता दुसरी," मनाली म्हणाली, आणि तिनं रेकॉर्डिंग चालू करून आपला मोबाईल कपाटाला टेकवून उभा केला. त्याचा कॅमेरा बसलेल्यांकडे होता. टीव्हीकडे नव्हता. हे फक्त कलाबाईच्या लक्षात आलं.

शाळेचं पटांगण, मांडव, पंगती. आवाज नव्हता, उकंडरावानं सगळ्यावर बासरी ओतली होती. पत्रावळीवर वरण-बट्टी, वांग्याची भाजी. आणि पहिल्याच मिनिटाला पंगतींच्या मधून गुलाब चालत आला.

कलाबाई पुढं सरकली. क्रीम सफारी, हात पाठीमागे बांधलेले, टाच आधी टेकवत मोजून टाकलेली पावलं. तिला काही ओळखेना. सुखदेव असा चालत नव्हता, तो निम्मा धावायचा. का तसं आपल्याला उगीच वाटतं? चालणंसुद्धा विसरलो का आपण? एवढ्या लांबून आलो ते पाय पाहायला, आणि पाय परके निघाले.

गुलाब सारखा कॅमेऱ्यापुढे येत होता. वाढप्यांना दटावत होता, पाहुण्यांना हात जोडत होता, पंगत थांबवून शूटिंगवाल्याला बोलावत होता. एकदा त्यानं बोट वर करून कोणाला तरी दम दिला, तेव्हा मनगटावरचं घड्याळ दिसलं. तबकडी आतल्या बाजूला. कलाबाईनं हळूच मान वळवली. खुर्चीतले गुरुजी पंख्याकडे पाहत होते, हात मांडीवर होता, आणि मनगटावर घड्याळ होतं. तबकडी आतल्या बाजूला.

ती पुन्हा पडद्याकडे वळते तोच उजवीकडून दोन्ही हातांत बुंदीच्या दोन बादल्या घेऊन सुखदेव आला. अख्खा. निम्मा धावत, घामानं डबडबलेला, मिशीखाली तोंड उघडं, पुढचा एक दात नाही. कोणाला तरी ओरडून काहीतरी सांगत होता आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसत होता. कलाबाईला रडू आलं नाही. तिला आधी राग आला, की हा माणूस एवढा हसत होता आणि अठ्ठावीस वर्षं हे एका ट्रंकेत बंद होतं.

"आई," प्रसेनजित कुजबुजला, "हे बाबा हायत?"

"हाव."

"दात पडेल व्हता त्यायचा?"

"लहानपणीच. पाहा तू, बोलू नको."

पडद्यावर गुलाबानं सुखदेवला अडवलं. बादलीत हात घातला, मूठभर बुंदी काढली आणि त्याच्या तोंडात कोंबली. सुखदेवचे दोन्ही हात गुंतलेले. त्यानं लहान पोरासारखी मान वर केली, आ केला, निम्मी बुंदी सफारीवर सांडली. गुलाबानं आपल्याच रुमालानं त्याची मिशी पुसली. मग दोघं हलले, बहुतेक हसत असावेत. एकाचं दिसत होतं.

"अगं माय," जनकाबाई म्हणाली, "हे फूल तं किसनदादावर हाय."

गुरुजींनी पंख्यावरची नजर खाली आणली. सगळी खोली आधी टीव्हीकडे आणि मग त्यांच्याकडे पाहू लागली. मनालीनं कॅसेट थांबवली. पडद्यावर क्रीम सफारी, वर गुलाब, आणि गुलाबाच्या हातात रुमाल.

"उकंड," गुरुजी शाळेतल्या आवाजात म्हणाले, "हे काय हाय?"

उकंडराव दाराशी बसला होता. पडद्यावर आपलं नाव मोठ्या अक्षरात यावं एवढ्यासाठी तो सकाळपासून टिकून होता. सत्तरीचा माणूस, पण उभा राहिला. "गुरुजी, पयल्या कॅसेटच्या वक्ती मी जालन्याले मिक्सिंगवाल्यापाशी बसून व्हतो. बोट दाखवत गेलो. दुसरीच्या वक्ती मले बीबी गावात लगनाचं शूटिंग व्हतं. म्हणून तुमच्यापासून चिठ्ठी लिहून नेली व्हती, आठवते का?"

"कसली चिठ्ठी?"

"तुमच्याच अक्षरात. 'क्रीम सफारीवाला. जो उगाच सारखा कॅमेऱ्यापुढे येऊन पुढारीपणा करतो, त्याच्या तोंडावर फूल टाकणे.'" उकंडरावानं घसा साफ केला. "आता त्या मिक्सिंगवाल्या पोराले तं कोणाची वळख नोती. त्यानं पायलं, कोण सारखा पुढे येते. अन् टाकलं."

प्रसेनजित तोंडावर हात धरून खोकला. संजीवनीला एकाएकी स्वयंपाकघरातलं काम आठवलं, पण ती दारापर्यंतच गेली. हसू दाबायची हिवाळ्यांना सवय नव्हती, आणि गुरुजींसमोर हसायचीही नव्हती.

"मूळ कॅसेट काढ," गुरुजी म्हणाले.

"तिच्यावर पुढच्या हप्त्यात दुसरं लगन घेतलं, गुरुजी. कॅसेटी महाग व्हत्या तवा."

"मंग हे कापून टाक, मनाली. सगळी पंगत काप. नाईतं माई सही नाई."

"बाबा नाही म्हणले म्हणजे नाही," धम्मरत्न लगेच म्हणाला. चोपन्न वर्षांत त्याला हे वाक्य फार उपयोगी पडलं होतं.

"मग सिनेमाच होणार नाही, बाबा," मनाली शांतपणे म्हणाली. "पहिल्या कॅसेटसारख्या माझ्याकडे अकरा आहेत. निर्मात्याला ही पंगतच हवीये."

खोलीत जे झालं ते पाहण्यासारखं होतं. आतापर्यंत गुरुजींच्या बाजूला बसलेली माणसं जागची हलली नाहीत, पण कलाबाईच्या बाजूला गेली. "दादा, तुले कोण वळखते आता," जनकाबाई म्हणाली. धम्मरत्नला आठवलं, की पंगतीत आपण सदऱ्यात चांगले दिसतो आणि लोळतही नाही. "बाबा, कलेच्या दृष्टीनं पाहा जरा," तो म्हणाला. संजीवनी दारातून पुढं आली. "मामाजी, लगन माझं व्हतं. त्याच्यात कोणाचं तोंड ठेवायचं, हे मले तं कोणी विचारलं नोतं." अठ्ठावीस वर्षं पदराआड राहिलेलं वाक्य तिनं असं काही सरळ म्हटलं, की धम्मरत्ननं सदऱ्याचं बटण चाचपलं.

"निदान फूल काढून मायं तोंड लावा," गुरुजी म्हणाले. आवाज उतरला होता. "आता कॉम्प्युटरवर कोणाचंबी तोंड कोणालेबी लावता येते म्हणतात."

"लावता येईल, आजोबा. पण ते तुमचं तेव्हाचं तोंड नसेल. फुलाखाली काही उरलेलं नाही."

"दादा," कलाबाई म्हणाली.

सगळ्यांच्या माना वळल्या, कारण कलाबाई या घरात नेमानं गप्प असायची. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. "माय्या माणसावर अठ्ठावीस वर्सं फूल हाय. तवा कोणाले कॉम्प्युटर सुचला नाई. तुमच्यावर येऊन अर्धा घंटा झाला."

 गुरुजींनी मनालीला खूण केली. "परत लाव. बुंदीचं."

मनालीनं लावलं. गुलाब आला, बादल्या आल्या, मूठ भरली, मान वर झाली. गुरुजी खुर्चीतून वाकून पाहत होते. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "म्या त्याले असं भरवलं व्हतं?" ते कोणालाही उद्देशून म्हणाले नाहीत. "मले नाई आठवत. मले तो हात आठवते, वर केलेला. हे कायबी नाई आठवत." मग त्यांनी कलाबाईकडे पाहिलं, या घरात ती सून म्हणून आल्यापासून पहिल्यांदाच काहीतरी मागितल्यासारखं. "कलाबाई, मीच हाय ना हा? का दुसरं कोणी हाय?"

कलाबाईला त्या क्षणी फार मोठा मोह झाला. फुलाखाली कोण हे खात्रीनं सांगणारं जगात दुसरं कोणी उरलं नव्हतं. क्रीम सफारी त्या मांडवात आणखी कोणाचाही असू शकला असता. 'नाई, ते माहे भाऊ व्हते,' एवढं म्हटलं असतं, तर गुरुजींच्या हातून भावाला भरवलेला तो एकुलता एक घास गेला असता, आणि तिचा हिशोब चुकता झाला असता. सुखदेवच्या मयताला हा माणूस अंगणात उभा राहून परत गेला होता, हे ती विसरली नव्हती. वाक्य ओठांपर्यंत आलं. पण पडद्यावर सुखदेव तोंडभर बुंदी घेऊन हसत होता, ज्या हाताकडे पाहून हसत होता तो हात कोणाचा ते त्याला चांगलं ठाऊक होतं, आणि त्याच्या देखत खोटं बोलणं तिला जमेना.

"तुमीच हाय," ती म्हणाली. "घड्याळ पाहा. अन् त्ये सकाळपासून उपाशी व्हते. तुमच्याशिवाय कोणाच्या ध्यानात आलं नोतं. घरी येऊन मले सांगतलं त्यायनं."

गुरुजींनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग पडद्यावरच्या. घड्याळ तेच होतं. 

"कागद आण," ते म्हणाले.

मनालीनं संमतीपत्र त्यांच्या मांडीवर ठेवलं. गुरुजींनी नाव लिहिलं, सही केली, आणि त्या चौथ्या रकान्यापाशी पेन थांबलं. वर 'देखणा' होता, 'हिरवी पैठणी' होती. त्यांनी शाळेत फळ्यावर लिहायचे तशी एकेक अक्षर सुटं ठेवून ओळ लिहिली: 'तोंडावर गुलाब आहे. तो मीच.'

मग कागद कलाबाईकडे आला. ती कॅसेटमध्ये कुठंच नव्हती. त्या दिवशी ती मांडवामागे परातीत कणीक तिंबत होती. पण गेलेल्या माणसाच्या वतीनं वारसानं सही करावी, असा नियम होता. अंगणवाडीत पंचवीस वर्षं हजेरी लिहिलेला हात होता तिचा, तो अडखळला नाही. नाव, सुखदेव. नातं, पती. खाली सही. दृश्यात कसे ओळखू येतात, तिथं क्रीम सफारी लिहावा का, असं मनालीनं विचारलं.

"सफारी दोघायचाबी हाय," कलाबाई म्हणाली, आणि रकान्यात एकच शब्द लिहिला: 'हसणारा'.